गॅलरी नंतर बांधा, आधी मैदानावर कोण खेळणार ते लिहून द्या

धुऱ्यावरचा

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावच्या मैदानाचा विषय आहे, म्हणून हा धागा. गावात राहणारे आणि नोकरीसाठी बाहेर गेलेले, दोघांनीही बोलावं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. भंडारा जिल्ह्यातलं धानपट्ट्यातलं गाव. आखराला, म्हणजे गुरं जमतात त्या जागेला, लागून साडेचार एकर ई-क्लास जमीन आहे. तिथं आमचं मंडळ चाळीस वर्षांपासून फुटबॉल खेळतं. आयुध निर्माणीत कामाला जाणाऱ्या चौघा-पाच जणांनी तिकडे खेळ पाहिला, पगारातून बॉल आणला, बांबूचे गोल उभे केले आणि गावाला नाद लागला. आता त्या जागेवर स्टेडियम करायचं घाटत आहे. पक्की गॅलरी, भोवती धावण्याचा ट्रॅक, रस्त्याच्या बाजूनं बारा गाळे, सभोवार भिंत आणि गेट.

माझा स्टेडियमला विरोध नाही. पण पायव्याचा पहिला खड्डा खणण्याआधी लेखी करार झाला पाहिजे. आठवड्यातले कोणते दिवस मंडळाचे, गेटची चावी कोणाकडे, भाडं घेणार का, लग्नाला किंवा सभेला जागा द्यायची तर कोणाला विचारून. हे कागदावर नसेल तर गॅलरी उभी राहील आणि तिच्यासमोर खेळायला कोणी उरणार नाही.

शेजारच्या एका तालुक्यात असंच संकुल झालं. उद्घाटनाला आम्ही प्रदर्शनी सामना खेळलो, हार घातले, फोटो निघाले. पुढच्या महिन्यात गेटला कुलूप. खेळायला गेलो तर अर्ज करा, अनामत भरा, साहेब दौऱ्यावर आहेत. आज तिथं गाजरगवत गुडघ्याच्या वर आहे.

मैदान जिवंत कसं राहतं ते सांगतो. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सराटे वेचतो. पावसाळ्यात मैदानभर सराट्याचे वेल पसरतात, वाळले की काटे मातीत रुतून बसतात. पंधरा-वीस जण खांद्याला खांदा लावून उकिडवे बसतो आणि एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत सरकत जातो. लहान पोरं मागून रबरी चपला घालून फिरतात आणि चपला उलट्या करून दाखवतात. तळव्याला काटे जास्त दिसले की तो पट्टा पुन्हा वेचायचा. दोन पोती भरतात. मग ड्रममध्ये सिमेंट ओतून केलेला रूळ फिरतो. डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यातून चुना सोडत रेषा आखल्या जातात. हे काम कोणत्या अंदाजपत्रकात बसवणार? आणि ज्याला संध्याकाळी त्या मातीवर अनवाणी धावायचं नाही, तो उकिडवा कशाला बसेल?

मोठ्या क्लबांचंही हेच झालेलं आहे. लंडनचा वेस्ट हॅम घ्या. १८९५ मध्ये थेम्सकाठच्या जहाजं बांधणाऱ्या लोखंडी कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केलेला क्लब. १९०४ ते २०१६ एकाच मैदानावर खेळला, अप्टन पार्कला. मग २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी सरकारी पैशानं बांधलेल्या स्टेडियममध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेला. जागा प्रचंड, पण मुळात धावण्याच्या शर्यतींसाठी आखलेली, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब. जुन्या मैदानावर आता घरं आहेत.

लंडनच्याच विंबल्डन फुटबॉल क्लबचं तर याहून वाईट. १९९१ मध्ये त्यांनी आपलं प्लाऊ लेनचं मैदान सोडलं आणि दुसऱ्या क्लबच्या मैदानावर पोटभाडेकरू म्हणून राहिले. घर नसलेला क्लब उचलणं सोपं असतं. मालकांनी २००३ मध्ये तो नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला नेला. समर्थकांनी हे होणार हे ओळखून २००२ मध्येच स्वतःचा नवा क्लब काढला, नवव्या पायरीच्या लीगमधून खेळत वर आले आणि २०२० मध्ये जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर स्वतःचं मैदान बांधलं.

आपल्याकडेही पाहा. एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळायचा. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये तो हैदराबादचा क्लबही दिल्लीला हलला. बालेवाडीचं स्टेडियम जागच्या जागी आहे, क्लब मात्र राहिला नाही.

म्हणून म्हणतो, कागद आधी.

वैनगंगाकाठचा

भाऊ, तुमचा खेळ मी लहानपणी शाळा बुडवून पाहिलाय, त्यामुळे आदर आहेच. पण तुमच्या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. 'आमचं मंडळ खेळतं' असं तुम्ही म्हणता. गावात मतदार बाविसशेच्या वर, मंडळात खेळणारे तीस. साडेचार एकर तीस जणांच्या करारात बांधून टाकायचे?

पहाटे साडेचारला फाट्यावर येऊन पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अंधारात डांबरी रस्त्यानं धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्याच रस्त्यानं रेतीचे ट्रक येतात, धानाचे ट्रॅक्टर येतात. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा थोडक्यात वाचला, कोपर फुटलं. या लेकरांसाठी ट्रॅक हा हौसेचा विषय नाही, घरातली पहिली पगाराची नोकरी त्यावर अवलंबून आहे. शिवाय कबड्डीवाले आहेत. नाटकाचा मंडप दरवर्षी तिथंच पडतो.

आणि परदेशातली उदाहरणं तुम्ही तुमच्या सोयीची निवडली. मिलानचं सॅन सिरो घ्या. १९२६ मध्ये मिलान क्लबच्या अध्यक्षानं ते बांधलं, १९३५ मध्ये नगरपालिकेनं विकत घेतलं. १९४७ पासून मिलान आणि इंटर, शहरातले दोन कट्टर वैरी, त्याच मैदानावर खेळत आले. मालक तिसराच, तरी दोन्ही क्लब युरोपचे विजेते झाले, एकदा नाही, अनेकदा.

तुम्ही आयुध निर्माणीचं नाव काढलं म्हणून आठवलं. आर्सेनलही तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांचाच क्लब, १८८६ चा. तो १९१३ मध्ये नदी ओलांडून लंडनच्या दुसऱ्या टोकाला हायबरीला गेला. २००६ मध्ये हायबरीही सोडलं, तिथं आता फ्लॅट आहेत. क्लब संपला का? घर बदललं तरी घराणं राहतं.

जुना बॅक

मी त्या पहिल्या चार-पाचातला. सायकलनं निर्मानीत जात होतो, यायले रात्र व्हायची. पैला बॉल आनला तवा गावातले म्हनत, हे मोठ्ठे लोक पोट्ट्यायसारखे काऊन धावून रायले. पावसात बॉल फुगून दगडावानी जड व्हायचा. डोक्यानं मारला का रातभर कानात गुंगुं वाजे.

मंडळ तीस जनायचं नाही, बावा. चाळीस वर्सांत किती पोट्टे येऊन गेले मोजून पाहा. आज कोनी नागपुरात, कोनी पुण्यात, कोनी मिलिटरीत. पोळ्याले, दिवाळीले गावी आले का पैले घरात नाही जात, आखरावर येऊन बॉल मारतात. गॅलरी नको म्हनून नाही सांगत. पन कुलूप लावसान तर मी त्या गेटपुढं खाट टाकून बसीन.

बदलीवर आलेला

मी मूळचा कोल्हापूरचा, बँकेच्या नोकरीनं तीन वर्षं तुमच्या जिल्ह्यात आहे. गावाबाहेरच्यानं बोलू का नको असं झालं, पण विषय फुटबॉलचा आहे.

आमच्याकडं फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठेपेठेची ईर्ष्या इतकी, की सामन्याच्या दिवशी घरात भाऊ-भाऊ बोलत नाहीत. पण शाहू स्टेडियम यातल्या एकाही तालमीचं नाही. ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं आहे आणि सगळ्या तालमी तिथंच भिडतात. ते एका तालमीच्या ताब्यात असतं तर दुसऱ्या पेठेचा माणूस आत पाऊल टाकायला तयार झाला नसता आणि लीगच झाली नसती. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून आला.

तेव्हा मैदान मंडळाच्या ताब्यात द्या हे मला पटत नाही. पण वैनगंगाकाठचे साहेब, तुमचंही पूर्ण पटत नाही. शाहूचा कारभार खेळाच्या संघटनेकडं आहे, म्हणून तिथं हंगामात सामने होतात. चावी फुटबॉल कळणाऱ्याच्या हातात असावी, मग तो कोणत्याही पेठेचा असो.

दुधाचा कॅन

सगळे फुटबॉल आणि भरतीवर बोलून राहिले. ती जमीन कशाची आहे ते कोणी बोलेल का? ई-क्लास म्हणजे चराईची. सकाळी गायकी तिथून गुरं सोडतो, दुपारी गुरं तिथंच बसतात. भिंत बांधली तर आखर जाईल. माझ्या आठ म्हशी मी कुठं उभ्या करू, गाळ्यात?

गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. त्यामुळे मंडळाच्या नावावर तर ही जमीन होऊच शकत नाही, आणि बारा गाळे काढून भाडं खायलाही ती नाही. आज तिथं भिंत नाही म्हणून गुरं, पोरं, नाटक, सगळ्यांचं भागतं. बॉल माझ्या म्हशीला लागला तरी मी कधी काही बोललो नाही. भिंत घातली की बोलीन.

दोन पोरींची आई

इतका वेळ वाचत होते. माझ्या दोघी मुली शाळेच्या संघात आहेत, मोठी मधल्या फळीत खेळते, धाकटी गोलकीपर. दोघी याच मैदानावर शिकल्या, पण कधी? मंडळाची पोरं पाचला उतरतात, म्हणून मुलींना साडेतीनचं ऊन. एप्रिलमध्ये साडेतीनचं भंडाऱ्याचं ऊन काय असतं ते इथं कोणाला सांगायला नको. पाच वाजले की 'चला, निघा आता' असं म्हणून त्यांना बाजूला काढतात. शिवीगाळ नाही, वाईट वागणूक नाही, पण मैदान आपलं आहे हे गृहीत धरलेलं असतं. धुऱ्यावरचे भाऊ, तुम्हीही तसंच लिहिलं आहे. तुमच्या करारात दिवस मंडळाचे आहेत. मुलींचे कोणते?

तुम्ही इंग्लंडचं सांगितलं, मीही एक सांगते. १९२० मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज हा संघ खेळला. प्रेस्टनच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचा संघ. सामना पाहायला त्रेपन्न हजार लोक होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेनं फतवा काढला की आमच्याशी संलग्न असलेल्या क्लबांनी आपली मैदानं बायकांना द्यायची नाहीत. बायकांनी खेळू नये असा कायदा करायची गरजच पडली नाही, मैदानं बंद केली की झालं. ती बंदी पन्नास वर्षं राहिली. ज्या क्लबांचं घर म्हणून तुम्ही इतकं जीव तोडून लिहिलंत, त्याच क्लबांच्या घराचे दरवाजे होते ते.

मला गॅलरी नको आणि ट्रॅकही नंतर चालेल. एक संडास आणि कपडे बदलायला एक कडी लागणारी खोली बांधा. मासिक पाळी आली की माझी मोठी चार दिवस खेळायला जात नाही, कारण जवळचं घर अर्ध्या किलोमीटरवर आहे. बारा गाळ्यांच्या नकाशात ही एक खोली नाही. मी पंचायतीत जाऊन पाहून आले.

मिहानवाला

ताईंनी लिहिलं त्यानंतर लिहायला संकोच वाटतो, पण एक उपाय सुचवतो.

बर्लिनच्या पूर्व भागात युनियन बर्लिन नावाचा क्लब आहे. २००८ मध्ये त्यांचं मैदान मोडकळीला आलं होतं आणि क्लबकडे पैसे नव्हते. समर्थकांनी श्रमदान केलं. दोन हजारांहून जास्त माणसं, मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार तास काम. सुट्टी टाकून यायचे, कोणी सिमेंट कालवलं, कोणी सळया बांधल्या, २००९ च्या उन्हाळ्यात मैदान उभं झालं. पुढे तो क्लब जर्मनीच्या पहिल्या लीगमध्ये चढला. हे वाचलं तेव्हा मला आपले गाडगेबाबा आठवले. हातात खराटा घेऊन आधी स्वतः झाडणारा माणूस आपल्याच विदर्भातला. आपण का थांबलो आहोत? नागपुरात काम करणारे आम्ही अठरा जण आहोत, महिन्याचे दोन रविवार देऊ. ताईंनी सांगितलेली खोली आणि संडास आपण एका उन्हाळ्यात बांधू शकतो.

गॅलरीचं म्हणाल तर केरळात मलप्पुरमकडे सात-सात खेळाडूंचे सामने होतात, कापणी झालेल्या शेतातही. बांबू-लाकडाची तात्पुरती गॅलरी बांधतात आणि हंगाम संपला की उतरवतात. आपल्याकडे बांबूची काय कमी? भिंत नको, गुरांची सोय तशीच राहील.

आणि गॅलरीशिवाय काही होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी विजय बारसे सरांचं काम पाहावं. २००१ मध्ये त्यांनी नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं ते फुटक्या बादलीला लाथा मारणारी पोरं पाहून. त्यातली पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली.

वैनगंगाकाठचा

श्रमदानाला माझा हात वर. पण बांबूच्या गॅलरीला अजिबात नाही आणि इथं मी कडक बोलणार.

मलप्पुरमचं नाव घेतलं ना? तिथंच मार्च २०२२ मध्ये पूंगोडला सामन्याआधी अशीच तात्पुरती गॅलरी माणसांसकट खाली आली. कितीतरी लोक दवाखान्यात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला ११ मे १९८५ रोजी जुन्या लाकडी स्टँडला आग लागली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडत गेलेला कचरा साठला होता, त्यावर ठिणगी पडली. काही मिनिटांत छप्पर पेटलं, ५६ माणसं गेली. त्या दिवशी क्लब लीग जिंकल्याचा आनंद साजरा करत होता. लाकूड काढून लोखंड बसवायचं काम हंगाम संपल्यावर सुरू होणार होतं, सामान येऊन पडलं होतं.

आमच्या अंतिम सामन्याला आजूबाजूच्या नऊ गावांचे लोक येतात. पोरं बाभळीच्या फांद्यांवर बसतात, ट्रॉलीच्या टपावर उभी राहतात. उद्या काही झालं तर मंडळ जबाबदारी घेणार की पंचायत? म्हणून सिमेंट पाहिजे, अभियंत्याच्या सहीचं पाहिजे, आणि ते सरकारी कामातूनच होतं.

पीटीचा मास्तर

मी पंचवीस वर्षं याच मैदानावर शाळेचे सामने घेतले. भावनेचं पुष्कळ झालं, आता थोडं टेपनं मोजू.

४०० मीटरच्या प्रमाण ट्रॅकला साधारण १७७ मीटर लांबी आणि ९२-९३ मीटर रुंदी लागते. म्हणजे नुसता ट्रॅकच चार एकर. आपली जमीन साडेचार. उरलेल्या अर्ध्या एकरात गॅलरी, बारा गाळे, संडास, रस्ता आणि आखर, बसवा बरं. बसत नाही. मग होतं काय, नकाशात '४०० मीटर' राहतं आणि जागेवर २०० मीटरचा ट्रॅक निघतो. दोनशेच्या ट्रॅकच्या आत १०५ गुणिले ६८ मीटरचं फुटबॉल मैदान बसत नाही. म्हणजे भरतीवाल्यांना आखूड वळणांवर घोटे मुरगळत आठ फेऱ्या, आणि फुटबॉलला अर्धं मैदान. दोघांचं नुकसान. वेस्ट हॅमला निदान पूर्ण मैदान तरी मिळालं.

दुसरी गोष्ट, हिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. आज आपले गोल उत्तर-दक्षिण आहेत. जुन्या लोकांनी बांबू रोवतानाच ते बरोबर रोवले. नव्या नकाशात रस्त्याकडे गाळे यावेत म्हणून मैदान फिरवलं आहे, गोल पूर्व-पश्चिम. डिसेंबरमध्ये चार वाजता पूर्वेच्या गोलमध्ये उभं राहून पाहा. सूर्य सरळ डोळ्यात, उंचावरून आलेला बॉल दिसत नाही. धुऱ्यावरचे, तुम्ही गोलकीपर, तुम्ही हे लिहायला हवं होतं.

तिसरी, माती. इथं काळी चिकण माती आहे, धानाला सोन्यासारखी, खेळाला वैरी. पावसात गारा, मे महिन्यात पंजा जाईल एवढ्या भेगा. आधी कडेनं चर काढा, मधोमध जरा उंची देऊन दोन्ही बाजूंना उतार करा, वर मुरूम आणि बारीक मातीचा थर देऊन हरळी लावा, पाण्याला बोअर घ्या. पैसा जमिनीखाली घाला. त्यावर खेळ उभा राहिला की गॅलरी पूर्वेच्या बाजूनं पाच पायऱ्यांची, पक्की, बिनछपराची करा. प्रेक्षकांच्या डोळ्यात ऊन येईल, ते टोपी घालतील.

पुनर्वसनातला

माझं जुनं गाव धरणात गेलं. तिथं नदीच्या काठाला आमचं मैदान होतं, गोलच्या मागे मोहाचं झाड. नव्या गावठाणाच्या नकाशात 'खेळाचे मैदान' असं लिहिलेला चौकोन आहे. मोठा आहे, सपाट आहे, सरकारी दगड रोवलेले आहेत. पंधरा वर्षांत तिथं एकही सामना झाला नाही. पोरं वेगवेगळ्या गल्ल्यांत विखुरली, कोणाला प्लॉट या टोकाला, कोणाला त्या. संघ जमलाच नाही.

वैनगंगाकाठचे भाऊ म्हणाले घर बदललं तरी घराणं राहतं. आर्सेनलचं राहिलं कारण क्लब आपल्या पायानं गेला, आपलं घर आपण बांधून गेला. आम्हाला उचलून ठेवलं. यात फरक आहे, एवढंच सांगायचं होतं.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. आधी ताईंना उत्तर. ताई, तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. साडेतीनला मुलींना उतरवून पाचला बाजूला काढणाऱ्यांत मी आहे. शिट्टी माझ्याच गळ्यात असते. आठवड्यातले तीन दिवस पाच ते सात मुलींचे, हे ग्रामसभेची वाट न पाहता या सोमवारपासून. मंडळात कोणी कुरकुर केली तर ती माझ्याशी करतील.

दुधाचा कॅन दादा, जमीन मंडळाच्या नावावर मागतच नाही. ती गावाची आहे आणि गावाचीच राहिली पाहिजे. मला हवा आहे तो वापराचा ठराव. भिंत नको, यावर आता मी तुमच्या बाजूनं. कोल्हापूरचे साहेब म्हणतात त्याप्रमाणे चावी एकट्या मंडळाकडेही नको. मंडळाचे दोन, मुलींच्या संघाकडून दोन, शाळेचे सर, भरतीवाल्यांचा एक, कबड्डीचा एक, पंचायतीचा एक, अशी समिती. भिंतच नसेल तर चावी फक्त खोलीची उरते, ती मुलींच्या संघाकडे राहू द्या.

सॅन सिरोचं मात्र मान्य नाही. नगरपालिका इतकी वर्षं मालक होती खरी, पण मिलान आणि इंटर तिथं पाहुणे नव्हते, त्यांच्याशिवाय त्या इमारतीला अर्थच नव्हता, आणि हे नगरपालिकेला पक्कं माहीत होतं. शेवटी २०२५ मध्ये ते स्टेडियम त्याच दोन क्लबांना विकायचा ठराव नगरपालिकेनं केला. आमच्याकडे गाळ्यांचं भाडं सुरू झालं की मैदानाशिवायही पंचायतीचं भागेल. मग मैदानाची काळजी कोणाला उरेल? मला भीती गॅलरीची नाही, गाळ्यांची आहे. ते बारा गाळे नकाशातून निघाले तर गोल उत्तर-दक्षिण राहतील, ट्रॅकला जागा मिळेल, आखरही वाचेल. मास्तर, सूर्याचं मी लिहायला हवं होतं, खरं आहे. इतकी वर्षं सरळ गोलमध्ये उभा राहिलो, त्यामुळे डोक्यातच आलं नाही.

जुना बॅक

उत्तर-दक्षिन कोनी रोवले म्हनता? निर्मानीतल्या कॉलनीच्या गोलपाशी सांजच्याले उभं राहून दिशा पायली होती, अन् गावात येऊन तशीच धरली. नकाशा नव्हता आमच्यापाशी.

दोन पोरींची आई

सोमवारी मुली येतील. धाकटीला दक्षिणेचा गोल द्या, ती तिथंच शिकली आहे. आणि भाऊ, समितीत मुलींकडून दोन म्हणालात, त्यातली एक खेळणारी मुलगी असू द्या, दोन्ही आया नकोत.

वैनगंगाकाठचा

गाळ्यांचं मी एकटा ठरवत नाही आणि पंचायतीला उत्पन्न लागतं, हे तुम्ही सोपं करून टाकलं. दिवाबत्तीचं बिल, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल, ते कुठून भरायचं? त्यामुळे मी ग्रामसभेत निदान चार गाळ्यांच्या बाजूनं बोलणार, आखराच्या विरुद्ध टोकाला, मैदान न फिरवता. मंडळाला वेगळे दिवस लिहून देण्याला माझा विरोध कायम आहे. वेळापत्रक समितीनं दर हंगामाला ठरवावं.

पण मास्तरांचा हिशेब बरोबर असेल तर नकाशा चुकला आहे आणि चुकलेल्या नकाशावर मी हात वर करणार नाही. शनिवारी सकाळी सातला मोजू. शंभर फुटी टेप माझ्याकडे आहे. धुऱ्यावरचे भाऊ, चुन्याचा डबा तुम्ही आणा. दुधाचा कॅन दादांनी गुरं तेवढा वेळ नाल्याच्या बाजूला ठेवावी.